गोचिडीचं औषध कुत्र्याला बाधतं तेव्हा

बुंदीचे कान हाताला गार लागले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मे महिन्यातली रविवारची दुपार होती. विक्रोळीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पंख्याखालीही घाम थांबत नव्हता, आणि कुत्रीचे कान मात्र माठाला हात लावावा तसे गार. तासाभरापूर्वी मी तिला गोचिडीच्या औषधाने आंघोळ घातली होती. औषधाची छोटी बाटली दुकानातून आणली होती. दुकानदार म्हणाला होता, "बादलीत एक झाकण टाका." झाकणात किती मावतं आणि बादलीत पाणी किती घ्यायचं, हे मी विचारलं नाही. आंघोळीनंतर ती कोपऱ्यात पडून राहिली. मला वाटलं, खाज थांबली म्हणून बिचारी निवांत झोपलीय. पाणी पाजायला उठवलं तर मागचे पाय एकमेकांत अडकत होते. डोळे अर्धे मिटलेले. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या फिकट.

भावाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, रिक्षा केली. डॉक्टरांनी टेबलावर घेतल्या घेतल्या स्टेथोस्कोप लावला आणि तीन प्रश्न विचारले, "ताई, काय लावलं, किती लावलं, किती वाजता?" बाटली घरीच राहिली होती. किती लावलं ते मलाच ठाऊक नव्हतं. वेळ तेवढी सांगता आली. शेजारच्या काकूंनी बाटलीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेपर्यंत दहा मिनिटं गेली. औषध निघालं अमिट्राझ. त्याच्यावर उताऱ्याचं इंजेक्शन असतं. ते मिळालं, आणि रात्री बुंदी स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आली.

त्यानंतर ही औषधं मी समजून घेतली, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतली. औषध वापरू नका असं मी अजिबात सांगणार नाही. मुंबईच्या दमट हवेत गोचीड बारा महिने असते, आणि तिच्या चाव्यातून होणारा गोचीडताप कुत्र्याचा जीव घेतो. पण औषध आणि कुत्रा यांची जोडी चुकली किंवा माप चुकलं, तर औषध बाधतं. ते कसं, हे ठाऊक असेल तर बहुतेक वेळा टाळता येतं.

मारतात कशी, आणि बाधतात कशी

यातली बहुतेक औषधं गोचिडीच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात. मज्जातंतूंचं काम लोकलच्या मोटरमनसारखं आहे असं समजा. गाडी पळवायची सोय हवी, तशी ब्रेक लावायचीही हवी. ब्रेकच निकामी झाला तर संदेश थांबत नाहीत, स्नायू आखडतात, गोचीड थरथरून मरते. मानेच्या कातडीवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब हेच करतात. हल्ली मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या, म्हणजे अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर, सारोलानेर, लोटिलानेर, यांचंही काम तेच. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड जातीचे. ते ब्रेकला हात लावत नाहीत, ते संदेश पळवणारं दार उघडंच अडकवून ठेवतात. शेवट तोच.

मग कुत्रा का मरत नाही? त्याच्याकडेही ब्रेक आहेत, दारं आहेत. पण त्यांचा घाट थोडा वेगळा असतो, त्यामुळे औषध गोचिडीला जेवढं घट्ट धरतं तेवढं कुत्र्याला धरत नाही. शिवाय त्याचं यकृत औषध मोडून बाहेर टाकतं. सगळी सुरक्षितता या फरकावर उभी आहे. माप दुप्पट-तिप्पट झालं, पिल्लू फार लहान असलं, यकृत आजारी असलं किंवा एखाद्या कुत्र्याचा मेंदू मुळातच फिट येण्याकडे झुकलेला असला, की हा फरक अपुरा पडतो.

गोळ्यांबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सूचना काढली. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना स्नायूंची थरथर, तोल जाणं आणि फिट येणं असे त्रास होऊ शकतात, आणि आधी कधीच फिट न आलेल्या कुत्र्यालाही ती येऊ शकते, असं तिच्यात म्हटलं होतं. बहुतेक कुत्र्यांना ही औषधं सुरक्षित आहेत, हेही त्याच सूचनेत होतं. लोक एक अर्धा वाचून घाबरतात किंवा दुसरा वाचून निर्धास्त होतात. ज्याला एकदाही फिट आली आहे, त्याच्या बाबतीत गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगणं भाग आहे, भले ती चार वर्षांपूर्वीची असो. डॉक्टर बदलले असतील तर नव्यांना ते कळायला दुसरा मार्ग नाही.

गोळीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. बाहेरून लावलेलं औषध धुता येतं, गोळी एकदा रक्तात उतरली की परत घेता येत नाही. यातली काही महिनाभर काम करतात, फ्लुरालानेरची गोळी १२ आठवडे. म्हणजे त्रास झाला तर औषध अंगात असेपर्यंत तो सांभाळावा लागतो. म्हणून पहिल्यांदा देताना माझी पसंती महिन्याच्या गोळीला असते. रोजच्यासारखं जेवण घालून, सकाळी, आणि पुढचा सगळा दिवस घरात कुणीतरी असेल अशा वारी.

अमिट्राझ आणि ते झाकण

बुंदीला जे झालं ते या ब्रेकच्या गोष्टीहून वेगळं होतं. अमिट्राझ कुत्र्याच्या शरीरात गेलं की गुंगीच्या इंजेक्शनसारखं वागतं. जनावरांना झोपवायला झायलाझिन वापरतात, त्याच जागी ते जाऊन बसतं. हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं, रक्तातली साखर चढते, उलटी होते, आतडी सुस्तावतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. बुंदीचं भर मे महिन्यात ९७ होतं. उतारा म्हणून अटिपामेझोल किंवा योहिम्बिन देतात, आणि ते वेळेत मिळालं तर फरक डोळ्यांदेखत दिसतो.

घरी आल्यावर मी ते झाकण सिरिंजने मोजलं. १५ मिलिलिटर. बादलीत पाणी होतं जेमतेम तीन लिटर. आता हिशोब पाहा. बाटलीत १२.५ टक्के अमिट्राझ असेल, तर लिटरभर पाण्यात २ मिलिलिटर घातल्यावर ०.०२५ टक्क्यांचं द्रावण होतं, आणि डेमोडेक्स नावाच्या कातडीतल्या बारीक किड्यामुळे होणाऱ्या खरजेसाठी वापरलं जाणारं हे एक नेहमीचं प्रमाण. मी लिटरला ५ मिलिलिटर घातलं होतं, अडीचपट. वर तिने अंग चाटलं ते वेगळंच.

बाटलीगणिक औषधाची तीव्रता बदलते, त्यामुळे माझा आकडा उचलून वापरू नका. आपल्या बाटलीवरचा आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा घ्या, सिरिंज घ्या, पाणी लिटरच्या बाटलीने मोजा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, अंग पूर्ण वाळेपर्यंत चाटू देऊ नका. मधुमेह असलेल्या कुत्र्याला, चिहुआहुआसारख्या चिमुकल्या जातीला आणि चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला अमिट्राझ नकोच.

गुरांच्या औषधांचंही तसंच. तबेल्यातल्या म्हशींसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनच्या बाटल्या येतात, स्वस्त असतात, आणि कुणीतरी सांगतं म्हणून त्या कुत्र्यावर ओतल्या जातात. चारशे किलोच्या म्हशीचं औषध आठ किलोच्या कुत्र्यावर अंदाजाने ओतल्यावर लाळ गळायला लागली, कातडी फडफडायला लागली, अंग थरथरायला लागलं, तर त्यात नवल काही नाही.

आयव्हरमेक्टिन आणि कोलीच्या जातीचे कुत्रे

"एक इंजेक्शन दिलं की गोचीड साफ," असं म्हणून आयव्हरमेक्टिन टोचून घेणारे आपल्याकडे खूप आहेत. औषध मोठं गुणाचं आहे. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण ते वर सांगितलेल्या औषधांच्या बरोबर उलट वागतं. ते परजीवीचा ब्रेक गच्च दाबून धरतं, म्हणजे जीव लुळा पडून मरतो. कुत्र्यात असे ब्रेक मेंदूत असतात, आणि मेंदूच्या दाराशी एक पहारेकरी बसलेला असतो. तो एक पंप आहे, आत येऊ पाहणारं औषध तो परत रक्तात ढकलतो.

कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा मेंढपाळ जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये या पहारेकऱ्याचा जनुकच बिघडलेला असतो. एमडीआर-१ नावाचा हा जनुक, त्यातला बिघाड २००१ मध्ये सापडला. अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिनचा खरजेसाठीचा डोस दिला तर ते थेट मेंदूत शिरतं. बाहुल्या मोठ्या होतात, समोरचं दिसेनासं होतं, कुत्रा झोकांड्या खातो, कधी बेशुद्ध पडतो. याला अमिट्राझसारखा नेमका उतारा नाही, औषध उतरेपर्यंत दिवसच्या दिवस सलाइन आणि शुश्रूषा करत बसावं लागतं. मुंबईत कोलीची मिश्रणं दिसतात, आणि दत्तक घेतलेल्या कुत्र्याच्या आईबापांचा पत्ता नसतो. लांब निमुळतं तोंड, मेंढपाळ कुत्र्यासारखी केसांची झूल दिसली तर सुई लागण्याआधी "याच्यात कोली असेल का?" एवढं विचारा. जनुकाची तपासणीही होते.

वजन, आणि गोळीचे तुकडे

थेंबांच्या औषधांबद्दलच्या तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये छाननी सुरू केली. पुढच्या वर्षी जे समोर आलं त्यात कुत्र्यांपैकी १० ते २० पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार ते नऊ किलोंच्या लहान कुत्र्यांबद्दलच्या तक्रारी जास्त होत्या. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पोमेरेनियन, शिह त्झू, पग हेच तर जास्त असतात.

वजन करायला दवाखान्यातच जायला हवं असं नाही. बाथरूममध्ये ठेवतो त्या काट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करायची. पावसाळ्यात फिरणं बंद झालं की दोन महिन्यांत किलोभर वजन सहज चढतं, तेव्हा मागच्या वर्षीचं पाकीट या वर्षी चालेलच असं नाही. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून लहान दोघांत वाटून देणं मला पटत नाही. पैसे वाचतात हे खरं, पण घरच्या सुरीने तुकडे सारखे होत नाहीत, आणि सर्वांत जास्त माप चुकणार ते सर्वांत छोट्या कुत्र्याचं.

आणि एक चूक तर मी आमच्या इमारतीतच तीनदा पाहिली. गोळी दिली, दुसऱ्या दिवशी कानात अजून गोचीड दिसली, म्हणून "गोळी लागू पडली नाही" असं ठरवून वरून अमिट्राझची आंघोळ किंवा थेंब. गोळीने मरायला गोचिडीला आधी चावावं लागतं, रक्ताबरोबर औषध तिच्या पोटात जावं लागतं, मग एक-दोन दिवसांत ती मरते. तेवढा वेळ ती दिसणारच. शिवाय आपल्याकडची तपकिरी गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही. ती खाली उतरून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, सोफ्याच्या शिवणीत हजारोंनी अंडी घालते. औषध उत्तम चालू असलं तरी भिंतीतून नवी पिढी येतच राहते. अशा वेळी भेगा बुजवा, कोपऱ्यांतून व्हॅक्यूम फिरवा, गाद्या उन्हात टाका. कुत्र्यावर दुसरं औषध चढवू नका.

काय चालतं, काय नाही

थेंब टाकले तिथे दिवसभर केस तेलकट, चिकट दिसले किंवा पांढरी पूड राहिली तर घाबरायचं कारण नाही. गोळीनंतर एखादी उलटी, एक दिवस पातळ शी, थोडी सुस्ती हे बऱ्याचदा होतं आणि आपोआप थांबतं. डॉक्टरांच्या कानावर घाला, उलटीत गोळी पडली असेल तर मनाने दुसरी देऊ नका.

थेंबांची जागा लाल झाली, कुत्रा तिथे वळून वळून चावायला लागला, तर भांडी घासायचा सौम्य साबण आणि कोमट पाणी घेऊन ती जागा धुवा, पुसून कोरडी करा. थेंब चाटल्याने तोंडाला फेस येतो, तो पुष्कळदा औषधाच्या कडू चवीचा असतो. तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाणी ठेवा, नजर ठेवा.

घटकाभरही थांबू नये अशा खुणा वेगळ्या आहेत. तोंड किंवा पापण्या सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वासाला त्रास होणं ही अ‍ॅलर्जी, ती मिनिटा-तासांत वाढते. थरथर, तोल जाणं, दारूड्यासारखं चालणं, बाहुल्या विस्फारणं, अंग गार पडणं, हाक मारूनही न उठणं, फिट. यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

फिट आली तर तोंडात हात, चमचा घालायचा नाही. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, आपलं बोट मात्र फुटतं. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. टेबल-खुर्ची बाजूला सारा, दिवा मालवा, घड्याळ लावा, जमलं तर मोबाइलवर चित्रण करा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत फिट थांबलेली असते. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा एकामागून एक आल्या तर ते जिवावरचं आहे. दूध, मिठाचं पाणी, तूप पाजून उलटी काढू नका. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या ते फुप्फुसात जातं.

निघताना बाटली, पाकीट, उरलेलं द्रावण, जे असेल ते पिशवीत टाका.

औषध की गोचीडताप?

इथे डॉक्टरांनाही विचार करावा लागतो. कुत्रा मलूल आहे, खात नाही, हिरड्या फिकट आहेत, आणि चार दिवसांपूर्वी गोळी दिली होती. घरचे गोळीला दोष देतात. पण गोळी दिली ती गोचिडी दिसल्या म्हणूनच ना? एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूची लक्षणं चाव्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांनी दिसू लागतात, म्हणजे औषध दिलं तेव्हा आजार आत वाढत असू शकतो. ताप असेल, नाकातून रक्त येत असेल, पोटावर लाल ठिपके असतील किंवा लघवी कॉफीच्या रंगाची होत असेल, तर गोचीडतापाची शंका आधी घ्यायला हवी. रक्ताची तपासणी करून घ्या, प्लेटलेट बघायला सांगा. औषध बाधलं असं समजून आठवडा काढला तर एर्लिकियाला किंवा बाबेसिया या गोचीडतापाच्या दुसऱ्या जंतूला तेवढा आठवडा मिळतो.

घरात मांजर असेल तर, आणि घरगुती उपाय

परमेथ्रिनचे कुत्र्यासाठीचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत. मांजराचं यकृत ते औषध नीट मोडू शकत नाही, तेवढ्यावरही थरथर आणि फिट येऊन मांजर मरू शकतं. चाळीत तर कुत्रा आणि मांजर एकाच पायपुसण्यावर झोपतात. थेंब पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा, किंवा घरात मांजर आहे हे सांगून दुसरं औषध मागा.

घरगुती म्हणजे निर्धोक, हा समज मला फार छळतो. खोबरेल तेलात कापूर घालून चोळायचा उपाय घरोघरी सांगितला जातो. कापूर चाटून पोटात गेला तर त्यानेच फिट येते. रॉकेलने कातडी भाजते, आणि चाटताना ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. झुरळांचा खडू अंगावर ओढणारेही मी पाहिलेत, त्यात पायरेथ्रॉइडच असतं, कसलंही माप नसलेलं. त्यापेक्षा रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा चाचपून, चिमट्याने गोचीड कातडीलगत पकडून सरळ ओढून काढणं कितीतरी बरं.

बुंदीच्या औषधाची नोंद आता आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते: तारीख, वेळ, औषधाचं नाव, वजन. आमच्या गल्लीतल्या सहा कुत्र्यांनाही आम्ही तिघीजणी वर्गणी काढून गोळ्या देतो, डॉक्टरांना विचारून, अंदाजाने वजन धरून. आधी भातात कालवून द्यायचो, तर त्यांतला काळ्या नावाचा कुत्रा सगळ्यांचा भात चाटून जायचा आणि कुणाच्या पोटात किती गेलं ते कळायचं नाही. आता एकेकाला बाजूला घेऊन चिकनच्या तुकड्यातून हातानेच भरवतो आणि ज्याला दिली त्याच्या कपाळावर हळदीचं बोट ओढतो. ते संध्याकाळपर्यंत टिकतं, आणि रात्री जेवण घेऊन जाणाऱ्या वहिनींना कुणावर नजर ठेवायची ते लांबूनच दिसतं.